पाकताईंची गावं

नव्या गावात उतरलं की माणसं देऊळ विचारतात, किल्ला विचारतात. पाकताई विचारायच्या, "इथलं गोड काय?" पोर्तुगालमध्ये संशोधन करत होत्या तेव्हा दर रविवारी मिळेल ती बस पकडून त्या एखाद्या नव्या गावाला जात, तिथली मिठाई खात आणि संध्याकाळी परत येत. "चर्चं मला सगळी सारखीच दिसतात गं," त्या म्हणायच्या. "मिठाई मात्र प्रत्येक गावाची वेगळी."

पुढे त्या सिंगापूरला नोकरीला आल्या; तिथे क्लेमेंटी भागातल्या फ्लॅटमध्ये मला त्यांच्या शेजारची खोली मिळाली. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि आले ती थेट सिंगापूरला. वर्गात तोंड उघडायची भीती वाटायची. पाकताई हे नाव आम्हा मराठी मुलांनी ठेवलेलं. पोर्तुगालच्या मिठाईचाही जीव पाकात असतो, तिकडच्या बायकाही बोटांत धरून तार बघतात, हे त्यांनी आमच्यातल्या प्रत्येकाला ऐकवलेलं होतं.

त्या पुण्याच्या, अंड्याला न शिवणाऱ्या घरातल्या. आवेइरो नावाच्या खाडीकाठच्या गावात त्यांनी शिंपल्याच्या आकाराची एक मिठाई घेतली. बाहेर कागदासारखी पांढरी पारी, आत पिवळंधमक सारण. बेसनच असणार, असं समजून अर्धी खाल्ली आणि दुकानातल्या बाईला विचारलं, डाळ कुठली वापरता? बाईने आतून अंडं आणून दाखवलं.

"मग हो ताई?"

"मग काय! अर्धा धर्म बुडाला होताच. उरलेला तिथेच बसून बुडवला."

मी आल्यानंतर काही महिन्यांनी त्यांना ताप आला. ताप गेला, पण जाताना वास आणि चव घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, वाट पाहा. रोज सकाळी त्या लवंगा, लिंबाची साल आणि निलगिरीची बाटली मांडून बसायच्या आणि डोळे मिटून एकेक हुंगायच्या. मी चहा घेऊन दारात उभी. त्या डोळे उघडायच्या, मान हलवायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या.

एकदा घरी आले तर फ्लॅटभर धूर. दूध जळून पातेलं काळं पडलेलं, आणि ताई जवळच्या टेबलाशी शांतपणे वाचत बसलेल्या. मला खोकला आला तेव्हा त्यांनी वर पाहिलं. नंतर ते पातेलं त्या कितीतरी वेळ घासत राहिल्या. मी म्हटलं, द्या, मी घासते. त्यांनी दिलं नाही.

मला खरी भीती वाटली ती पुढे. एका सकाळी त्या म्हणाल्या, "सिंत्रा गेलं." घरातलं कुणी गेल्यासारखं.

"गेलं म्हणजे?"

"तिथल्या मिठाईतल्या दालचिनीवरून आठवायचं मला ते गाव. आता दालचिनीच नाही. चढ आठवतो, निळ्या फरशा आठवतात, पण दुसऱ्या कुणी सांगितल्यासारखं. मी तिथे होते असं वाटतच नाही."

मग त्या आवेइरोला वाचवायला लागल्या. दुसरा शब्द मला सुचत नाही. ओट्याशी उभ्या राहून पाक करायच्या. तार बोटांना कळते, तिला जीभ लागत नाही. पाकात अंड्याचे बलक घालून आटवायच्या आणि पहिला चमचा माझ्यापुढे धरायच्या.

"चांगलं आहे," मी म्हणायची.

"चांगलं म्हणजे काय? 'चांगलं' हे उत्तर नाही, पळवाट आहे. जिभेवर काय होतंय ते सांग!"

त्या ओरडल्या की मला रडू यायचं. मला तसे शब्दच माहीत नव्हते. पण त्या चमचा हातात धरून, माझ्या तोंडाकडे बघत थांबायच्या. मग मी अडखळत सांगायची, आधी नुसतं गोड, मग खरवसासारखं काहीतरी, मागून थोडं उग्र. "उग्र? बरोबर! पुढे?" पुढच्या वेळी त्या पाक बदलायच्या. असं किती वेळा झालं! जमलं असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. जमलं की नाही, हे कळायला त्यांच्याकडे काहीच उरलं नव्हतं.

शेवटी सुट्टी काढून त्या आवेइरोलाच गेल्या. "तिथे आलं तर येईल," म्हणाल्या. त्या परत सिंगापूरला आल्या नाहीत. तिकडूनच पुण्याला गेल्या, सामान आम्ही पाठवलं.

आवेइरोहून त्यांचा फोन आला तेव्हा मी क्लेमेंटीला बसच्या रांगेत होते. फोनमध्ये त्यांच्यामागे कपबश्यांचा आवाज येत होता.

"खाल्लं," त्या म्हणाल्या. "तेच दुकान, तीच बाई. पुठ्ठा चावल्यासारखं लागलं गं."

मला कुणाला धीर देता येत नाही, कधीच आला नाही. मी नुसतं हं म्हटलं.

"तू सांग ना. कसं लागतं?"

मी आवेइरो पाहिलेलं नाही. मला फक्त आमच्या ओट्यावरचं माहीत होतं, आणि ते तिथलं नव्हे हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. तरी मी सुरू केलं. पारी आधी टाळूला चिकटते, ताई. मग ओली होऊन फुटते. आतलं गार असतं, दाट असतं, लगेच गिळून टाकावंसं वाटत नाही...

बस आली. मागचे आजोबा म्हणाले, "गर्ल, यू गोइंग ऑर नॉट?" मी बाजूला झाले. बस गेली. पलीकडून काहीच ऐकू येईना, म्हणून मी बोलायची थांबले.

"थांबू नकोस," ताई म्हणाल्या. "बोल."