तारक्काची शुगर

किल्लारी ते लातूर या वाटेवर श्रीमंताची काळीपिवळी जीप चालायची, आणि जीपपेक्षा श्रीमंताचं तोंड जास्त चालायचं. लामजन्याला चढलेल्या माणसाला औसा येईपर्यंत साऱ्या मुलखाची खबर मिळे. कुणाच्या सुनेनं वेगळी चूल मांडली, कोणता मास्तर बदलीसाठी कुणाच्या दारात जाऊन बसला, कुणाची सोयरीक कशावरून मोडली. समोर ट्रक आला तरी श्रीमंत वाक्य अर्धं सोडत नसे. आधी वाक्य, मग ब्रेक.

अशा माणसानं एक खबर मात्र बारा वर्षं पोटात ठेवली होती. ती खबर घरी ओसरीवर लसूण सोलत बसलेली असायची. त्याची थोरली बहीण तारामती. घरात, गल्लीत, सगळीकडे तारक्का.

तारक्काला उदगीरकडं दिलं होतं. तिथं तिला आधी वाटायला लागलं की नळाच्या पाण्यात कुणीतरी काहीतरी कालवतंय. मग भिंतीपलीकडून माणसं बोलायला लागली. ती तिलाच ऐकू यायची, बाकी कुणाला नाही. एके सकाळी सासरच्यांनी तिला ट्रंकेसकट बसमध्ये बसवून दिलं. श्रीमंतानं तिला उतरवून घेतलं आणि नांदेडला नेलं. आता लातुरात डोक्याचे डॉक्टर काय कमी होते? पण लातूरच्या स्टँडवर शेंगा विकणारी म्हातारीसुद्धा श्रीमंताला नावानं हाक मारायची. नांदेडला त्याला कुत्रं ओळखत नव्हतं.

तिथल्या डॉक्टर बुद्धप्रिया सोनकांबळे यांनी तारक्काचा हात हातात घेऊन अर्धा तास ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बीपीसारखाच आजार आहे हा. गोळ्या बरीच वर्षं घ्याव्या लागतील, पण अक्का कामं करतील, थट्टा करतील, सगळं करतील." निघताना हेही सांगितलं, की यांना चालतं-फिरतं ठेवा, पाणी भरपूर पाजा, आणि कधी एकाच पायाला सूज आली किंवा दम लागला तर घरी थांबू नका. श्रीमंत "हाव मॅडम, हाव मॅडम" म्हणत होता. पण त्याचा एक डोळा दारावर होता, किल्लारीचं कुणी आत येतंय का म्हणून. शिवाय डोक्याच्या डॉक्टरनं पायाचं सांगितलेलं कोण मनावर घेतं?

परतताना किल्लारीच्या फाट्यावर धोंडप्पामामा उभे होते. घराशेजारी घर.

"कुठून रं श्रीमंता, भैनीला घेऊन?"

"नांदेडहून."

"का? काय झालं तारीला?"

श्रीमंताची जीभ जन्मात अडखळली नव्हती. त्या दिवशी अडखळली, आणि मग तिला जे पहिलं सापडलं ते तिनं उचललं. "शुगर."

शुगर कशी इज्जतदार बिमारी! कारखान्याच्या चेअरमनला असते, सरपंचाला असते. शुगर झाली म्हणजे माणूस खाऊनपिऊन सुखी आहे असं गाव समजतं. घरी गेल्यावर बायको शिवकन्या म्हणाली, "असं कशाला सांगितलं वो?" तर श्रीमंत म्हणाला, "उद्या तनुजाच्या लग्नाचं बघावं लागंल. घरात डोक्याचं हाय म्हणलं तर पोरगी कोण करून घेईल?" तनुजा त्यांची मुलगी. तेव्हा ती दुसरीत होती.

गोळ्या लागू पडल्या. तारक्का उठली, वासरं सांभाळू लागली, शेंगाची चटणी कुटू लागली, आणि नवऱ्यांच्या घोरण्यावर असं काही बोलू लागली की गल्लीतल्या बाया पदर तोंडात धरून हसायच्या. आवाज अधूनमधून यायचे, पण लांबून. पुढच्या गल्लीतल्या रेडिओसारखे.

पण शुगर कुठं जाणार? गावानं ती मनापासून सांभाळली. लग्नाच्या पंगतीत हुग्गी, म्हणजे गव्हाची गुळातली खीर, आली, वर तुपाची धार, की वाढणारा तारक्काच्या ताटाशी येऊन थबके. मागून कुणीतरी ओरडे, "तिला नगं रे, शुगर हाय तिला!" आणि पळी पुढं जाई. तारक्काला हुग्गीचा भारी सोस. लहानपणी आईनं दोघा भावंडांत एक वाटी दिली, की ही वाटीतलं आपलं अर्धं श्रीमंताला देऊन वाटी स्वतः चाटून घ्यायची. आता ती पुढं गेलेल्या पळीकडं बघत राहायची आणि पलीकडं पुरुषांच्या पंगतीत श्रीमंत मान खाली घालून आपली हुग्गी ओरपायचा.

धोंडप्पामामांना मात्र शुगर खरीच होती. इतकी वर्षं ती एकट्यानं भोगल्यावर आता शेजारीच जोडीदारीण मिळाली म्हटल्यावर त्यांना कोण आनंद! सकाळी फिरून येताना ते तिच्यासाठी कारली आणायचे. उन्हाळ्यात जांभळाच्या बिया वाळवून, कुटून दोन डबे करायचे. एक स्वतःला, एक तारीला. "पी बेटा, आपून दोघं खोड मोडू ह्या शुगरची," असं म्हणून समोर बसून कारल्याचा रस पाजायचे. तारक्का डोळे मिटून प्यायची. मामांची एकच तक्रार होती. "श्रीमंता, तुझ्या त्या नांदेडच्या शुगरवाल्या डॉक्टरकडं मला बी ने की. तारीला कसा गुण आला बग!" श्रीमंत म्हणायचा, "मामा, लई गर्दी असती तिथं."

एकदा भाकरी थापता थापता तारक्कानंच विचारलं होतं, "श्रीमंता, त्या गोळ्या डोक्याच्या हायेत ते कळतंय मला. पण मला शुगर बी हाय का रं?"

खरं सांगायची वेळ होती. घरात तिसरं कुणी नव्हतं. श्रीमंत म्हणाला, "थोडी."

यंदा लग्नसराईत जीपला उसंत नव्हती. नांदेडची खेप राहिली, मग पुन्हा राहिली. गोळ्या संपल्या. भिंतीपलीकडची माणसं अलीकडं आली. तारक्का खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडली ती उठेना, जेवेना. पाण्यात कालवलंय म्हणून पाणीही पिईना. गावाला सांगितलं, शुगर वाढली. आणि मग तिचा डावा पाय सुजला. पोटरी टणक, लाल, गरम.

धोंडप्पामामांनी बघितलं आणि कपाळाला हात लावला. "शुगरचा पाय! ह्ये लई वंगाळ." त्यांनी तेल कोमट करून आणलं. शिवकन्येनं पाय चोळला. श्रीमंतानं गावातल्या डॉक्टरकडं जाऊन, पेशंटला न नेताच, "शुगरच्या पायाची सूज" असं सांगून गोळ्या आणल्या. शिवकन्या म्हणाली, "अवो, नांदेडच्या बाईंनी पायाचं काय तरी म्हणलं होतं ना? फोन तरी करा." तो म्हणाला, "करतो." त्याच्या फोनची एक गंमत होती. कानाशी लावून ऐकायचा आवाज जीपच्या धुळीनं केव्हाच बसला होता, स्पीकरवरच बोलावं लागे. गल्लीत उभं राहून स्पीकरवर नांदेडच्या बाईंशी काय बोलणार? त्यानं फोन केला नाही. जीपमध्ये एकटा असताना करू म्हणाला. आणि काळीपिवळी जीप एकटी कधी असते?

एका दुपारी तारक्काला श्वास पुरेना. ओठ काळपटले. श्रीमंतानं तिला उचलून फाट्यावर भरत असलेल्या जीपमध्ये आणलं. आतली माणसं उतरतील असं त्याला वाटलं होतं. एकही उतरला नाही. "आमी बी येतो, तू चल!" म्हणून सगळी सरकून बसली. तारक्काचं डोकं शिवकन्येच्या मांडीवर, पाय धोंडप्पामामांच्या मांडीवर. औसा आला, गेला. श्रीमंतानं त्या दिवशी एक शब्द काढला नाही. मागं कुणीतरी कुजबुजलं, "गडी भैनीसाठी किती खचलाय." त्याला वाटलं स्टेअरिंग सोडून द्यावं आणि मातीत तोंड खुपसावं.

लातूरच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी पायाची पोटरी दाबली, नाडी बघितली, बोटाला ऑक्सिजन बघायचा चिमटा लावला. "आधीचा काही आजार?"

श्रीमंताच्या आधी बाकावरची अख्खी जीप बोलली. "शुगर!"

"कोणती गोळी चालू आहे?"

धोंडप्पामामांनी लगबगीनं खिशातून स्वतःच्या गोळ्यांची पट्टी काढली. "हीच असंल सायेब. आमचं दोघांचं संगंच हाय."

सिस्टरनं बोटातून रक्त काढून यंत्रात घातलं. डॉक्टरांनी आकडा बघितला आणि पुन्हा घालायला लावलं. "यांना शुगर नाही. कधी नव्हतीच असं दिसतंय. कुणी सांगितलं तुम्हाला शुगर म्हणून?"

बाकावरच्या माना वळल्या. सगळ्या एकाच दिशेला.

"सायेब, बाजूला येता का जरा?" श्रीमंत पुटपुटला.

"बाजूला जायला वेळ नाही. पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली असावी. या वयात का झाली, कोणती औषधं चालू आहेत, त्यावर मी पुढचं ठरवणार. बोला."

श्रीमंतानं बाकाकडं बघितलं. तारक्का स्ट्रेचरवरून त्याच्याकडं बघत होती. तिला बोलता येत नव्हतं.

"डोक्याच्या गोळ्या हायेत तिला," तो म्हणाला. आवाज इतका बारीक की डॉक्टरांनी "मोठ्यानं" म्हटलं. मग तो मोठ्यानं म्हणाला. जीपमध्ये म्हणायचा तेवढ्या मोठ्यानं. "डोक्याच्या! बारा वर्षं! नांदेडला दाखवतो! मधी बंद पडल्या, म्या आणल्या न्हाईत!"

"त्या डॉक्टरांना फोन लावा. आत्ता."

त्यानं लावला. स्पीकरवरून बुद्धप्रियाबाईंचा आवाज अख्ख्या व्हरांड्यात घुमला. "श्रीमंतराव! दोन महिने झाले, तारामतीअक्कांना आणलं नाही तुम्ही! आवाज परत सुरू झाले का त्यांना?" बाकावरच्या सगळ्यांनी ते ऐकलं. धोंडप्पामामा आपल्या गोळ्यांची पट्टी हळूच परत खिशात ठेवत होते. ती खिशात जाईना.

गाठ होती. मांडीत मोठी, फुप्फुसात लहान. रक्त पातळ करणारी इंजेक्शनं पोटात टोचली, नाकाला ऑक्सिजन लावला. श्वास हळूहळू जागेवर आला. डॉक्टर एवढंच म्हणाले, "आणखी उशीर केला असता तर काही सांगता आलं नसतं. आणि असा पाय चोळायचा नसतो." शिवकन्येनं स्वतःचे हात पदरात लपवले. श्रीमंताला ते दिसलं. चोळणारे हात तिचे होते, पण चोळायला लावलं होतं ते त्याच्या एका शब्दानं.

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःहून नांदेडला फोन लावला. धोंडप्पामामा शेजारी बसले होते. काल दुपारपासून ते त्याच्याशी एक अक्षर बोलले नव्हते.

"मॅडम, आजार डोक्याचा, मग पायात गाठ कशी? दोन्हीचं नातं काय?"

"असं बघा," बाई म्हणाल्या, "अंगात जंतू शिरला, की पहारा करणाऱ्या पेशी शिट्टी मारतात. रक्त गोठवणारी माणसं शेजारीच राहतात. शिट्टी ऐकली की ती उठतात आणि वाट बंद करतात, जंतू पुढं जाऊ नये म्हणून."

"रस्ता रोको!" धोंडप्पामामांच्या तोंडून निघून गेलं. लामजन्याच्या चौकात त्यांनी तरुणपणी बरेच केले होते.

"तसंच! आता डोक्याच्या अशा आजारात काही जणांच्या, सगळ्यांच्या नाही, अंगात पहारेकरी चोर नसताना शिट्ट्या मारत राहतात. बारीक, पण सतत. त्यात माणूस पडून राहिलं, पाणी प्यालं नाही, की रक्त आणखी साकळतं. आमच्या गोळ्यांनीही हा धोका थोडा वाढतो, म्हणून तर मी पायाकडं लक्ष ठेवा म्हणत होते. कुणाचा वाटा किती, हे अजून शास्त्रालाही नीट उलगडलेलं नाही. पण गोळी आपल्या मनानं सोडायची नाही. आणि श्रीमंतराव, पुढच्या डॉक्टरपासून काही लपवायचं नाही."

"न्हाई मॅडम."

शास्त्राला वाटा ठरवता येत नव्हता, श्रीमंताला येत होता.

फोन बंद झाल्यावर मामा भिंतीकडं बघत म्हणाले, "येडी हाय म्हणला असतास तर म्या कारली आणली असती का रं?"

"मामा..."

"न्हाई, तू सांग. आणली नसती. मग काय आणलं असतं? पेढं आणलं असतं! पोरीला बारा वर्षं जांभळाच्या बिया चारल्या म्या. समोर बसून! ती तोंड वाकडं करायची आन् म्या तिला रागवायचो." त्यांचा आवाज फाटला. "मला म्हणला, लई गर्दी असती तिथं."



तारक्का घरी आली. गावाला आता सगळं माहीत झालं होतं. श्रीमंताला खबर सांगावी लागली नाही, जीपनंच ती वाटली. कुणी दोन दिवस दबकून बोललं, कुणी फाटकातूनच विचारपूस केली. तनुजाला बघायला येणार होते ते आले नाहीत. तनुजा म्हणाली, "बरं झालं, माझी परीक्षा हाय," आणि आत्याला हाताला धरून अंगणात चालवायला घेऊन गेली.

त्या रविवारी धोंडप्पामामा झाकलेलं पातेलं घेऊन आले. आत हुग्गी होती, तूप वर तरंगत होतं. त्यांनी स्वतःच्या हातानं तारक्काला वाटी भरून दिली आणि श्रीमंताकडं न बघता ओसरीच्या कडेला बसले.

तारक्कानं वाटीकडं बघितलं. मग भावाकडं. "श्रीमंता, म्हंजे मला शुगर न्हाई?"

"न्हाई, अक्का."

"थोडी बी?"

श्रीमंतानं मान वर केली नाही. "थोडी बी न्हाई."

तिनं चमचा भरून तोंडात घातला, बराच वेळ घोळवला. दुसरा घातला. मग चेहरा वाकडा करून हसली. अगदी तसाच, जसा कारल्याच्या रसाला करायची. "लई गोड लागतंय, मामा. जिभेची गोडाची सवयच मोडली बगा. न्हाई जाणार आता."

तिनं वाटी पुढं सरकवली. लहानपणी सरकवायची तशी, श्रीमंताच्या बाजूला. "तू खा. तुला आवडती."

धोंडप्पामामा पहिल्यांदाच त्याच्याकडं बघत होते. श्रीमंतानं वाटी उचलली. ती नको म्हणायची सोय नव्हती. तो एकेक चमचा तोंडात घालत राहिला, आणि एकेक चमचा घशाखाली ढकलत राहिला, वाटी संपेपर्यंत.