आप्पांचे थांबे

“आक्का, तुमची ट्रॉली आत्ताच खानापुरातनं सुटली बघा.”

कारखान्याच्या ऑफिसातून मी विचारलेलं असायचं, पंपाच्या बॉडी कुठवर आल्या? त्यावर मशिनांमधून ट्रॉली नेणाऱ्या आप्पांचं हे उत्तर! लेथ म्हणजे नंदगड, ड्रिलिंग म्हणजे खानापूर, धुलाई मच्छे आणि तपासणी पिरनवाडी. ज्या बसनं ते वर्षानुवर्षं गावाहून बेळगावला कामाला आले, तिचे थांबे त्यांनी आमच्या मशिनांना देऊन टाकले होते. मी निपाणीची. मला नोकरीसाठी ती वाट पाठ करावी लागली.

खरं तर काम सोपं होतं. नग एका मशीनवरून दुसऱ्यावर गेला की त्याचा स्टिकर स्कॅन करायचा. आप्पा सगळे स्कॅन जेवणाआधी एका दमात उरकायचे. माझ्या कॉम्प्युटरवर शंभर नग एकाच मिनिटाला चारही मशिनांवर! तुम्हीच सांगा, डोकं फिरेल की नाही?

“सारखं सारखं कशाला? एकदम केलं की डोक्याला ताप न्हाय.”

“ताप मला होतोय, आप्पा!”

“व्हय की,” म्हणून हसायचे.

एकदा गिऱ्हाइकाकडे दोन बॉडींना तडे गेले. एका दिवशी दोन तास ड्रिल बोथट धारेनं चाललं होतं. तुमच्या गोदामातल्या मालातून त्या दोन तासांतले नग वेगळे काढा, नाहीतर सगळा माल रद्द, असा निरोप आला. कॉम्प्युटर काय कपाळ सांगणार? मी संतापून मालकांना लिहून दिलं, नोंदी खोट्या आहेत, दुसरा माणूस द्या. खाली सही ठोकली.

तासाभरानं आप्पा गोदामात शिरले. एकेका बॉडीच्या भोकात बोट फिरवायचे आणि काही बाजूला ठेवायचे. “ह्यो त्या वक्ताचा. खरबरीत लागतंय.” बावीस नग निघाले. तपासणीत बावीसही सदोष ठरले. माल वाचला.

“आप्पा, हे आधी का नाही सांगितलंत?”

“तुमी कुठं हाय ते इचारतासा. कसं हाय ते कवा इचारलंसा?”

मी धावत वर गेले, कागद परत मागितला. मालक म्हणाले, “नोंदी खोट्या होत्या की नाही?” होत्या. महिनाअखेरीला आप्पांना घरी बसवलं. मला त्याचं फार वाईट वाटतं, आणि त्या स्कॅनचा रागही अजून गेलेला नाही.

आता प्रत्येक नगाची वेळ पडद्यावर बिनचूक दिसते. परवा ड्रिलिंगवरच्या माणसाला एका नगाचा संशय आला. “आप्पा, जरा हात लावून बघा की,” असं म्हणत तो सवयीनं मागं वळला. मागं मी उभी होते. मी भोकात बोट घालून फिरवलं, पुन्हा फिरवलं. मला काहीच कळलं नाही.