पुंगळ्यांचा डबा

कानसकाकांना खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. नेमबाजी क्लबच्या मागच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलाशी, चाळीस वर्षं ते बंदुका-पिस्तुलं दुरुस्त करत बसलेत. हातात कायम कानस, म्हणून कानसकाका. जीभही तशीच आहे, असं मंडळी पाठीमागे म्हणतात, आणि पाठीमागचं त्यांना बरोबर ऐकू येतं. समोरचं मात्र दोनदा सांगावं लागतं.

तर गेला महिनाभर एका पिस्तुलानं त्यांच्या नाकी नऊ आणले होते. पिस्तूल काकांपेक्षाही चार-दोन वर्षांनी थोरलं, स्पर्धेत वापरतात तसलं, बारीक काडतुसांचं. ते मास्तरांचं. मास्तर म्हणजे क्लबचे प्रशिक्षक आणि काकांचे तरुणपणापासूनचे दोस्त, वर्षापूर्वी गेले. आता त्यांची लेक छोटी त्याच पिस्तुलानं खेळत होती. छोटी कसली, चांगली एकवीस वर्षांची घोडी. पण बापानं ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच.

पिस्तुलाचं दुखणं असं, की गोळी सुटली की रिकामी पुंगळी बाहेर उडायला हवी, ती उडायचीच नाही. नळीच्या मागच्या तोंडाशी अडून बसायची. मागून येणारं काडतूस तिच्यावर आदळायचं आणि सगळा कारभार ठप्प. पाचांच्या फैरीत छोटीच्या कशाबशा तीन गोळ्या सुटायच्या. आणि येत्या रविवारी संघाची निवड होती. वयोगटातली तिची ही शेवटची संधी.

"क्लबचं नवं पिस्तूल घे की," सेक्रेटरी म्हणाले.

"बाबांच्या मुठीचं लाकूड हाताला लागलं नाही तर माझा नेम लागत नाही," छोटी म्हणाली, आणि विषय संपला.

काकांनी पहिल्यांदा स्प्रिंग बदलली. आठवडाभर ठीक चाललं, मग पुन्हा तेच. दुसऱ्यांदा पुंगळीला ओढून काढणारा आकडा नवा घडवला. तीन दिवस त्यावर खपले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा काडतुसांची पेटी बदलून पाहिली. क्लबात कुजबुज सुरू झाली, की काकांची नजर गेली, आता हात थांबवावेत त्यांनी. ते ऐकून काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. शनिवारी सरावाच्या सामन्यात पिस्तूल पुन्हा अडलं, छोटीनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, आणि काकांचा तोल सुटला.

"पिस्तुलाला काही झालेलं नाही. मनगट ढिलं पडतंय तुझं! बापाचं पिस्तूल हातात आलं म्हणून बापाचा हात येत नाही."

चारचौघांत बोलले. छोटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण ती चकार शब्द बोलली नाही. काकांना लगेच वाटलं, जीभ हासडून टाकावी. पण माघार घेतील ते कानसकाका कसले! पिस्तूल उचललं आणि खोलीत जाऊन बसले.

मंगळवारी दुपारी त्यांनी नळी सुटी करून तिच्या तोंडात कापसाची काडी हलकेच फिरवली. एका जागी कापसाचा धागा अडकला. भिंग लावलं. काठावर पिनेच्या टोकाएवढा खळगा होता आणि तिथला धातू आतल्या बाजूला फुगला होता. पुंगळी तिथंच धरली जात होती.

काकांनी भिंग खाली ठेवलं. चाप दाबला की ह्या जातीच्या काडतुसाला आतल्या पिनेचा मार मध्यभागी बसत नाही, कडेवर बसतो. आत काडतूस असलं तर पिन त्याच्या मऊ पितळेवर आदळते. नसलं, तर थेट नळीच्या काठावर, पोलादावर पोलाद. म्हणून असलं पिस्तूल रिकामं वाजवायचं नाही, हे मास्तर पहिल्याच दिवशी शिकवायचे. ह्या पिस्तुलावर असला खळगा असेल हे काकांच्या मनातच आलं नव्हतं, म्हणून तर महिनाभर त्यांनी तिकडे बघितलं नाही. आणि खळगा ताजा होता, चकाकत होता.

संध्याकाळी छोटी आली.

"रिकामं वाजवतेस?" काकांनी विचारलं.

"नाही."

"मग हे काय भुतानं केलं? माझ्याशी खोटं बोलू नकोस."

छोटी टेबलाच्या कडेला नखानं ओरखडत राहिली. मग म्हणाली, "आई वाजवते."

काकांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिनं पुन्हा सांगितलं.

"पाच वाजले की आतल्या खोलीचं दार लावून घेते. वीस वेळा, मोजून. बाबा करायचे तसं. तिला वाटतं, मला ऐकू येत नाही."

"आणि तू मूग गिळून बसलीस? मी सगळ्यांसमोर तुला नाही नाही ते बोललो, तेव्हासुद्धा?"

"काय सांगणार होते, काका? बाबा गेल्यापासून ती दिवसभर भिंतीकडे बघत असते. पाच वाजले की तेवढी उठते. ते बंद पाडू मी? हरले तर हरले. तुम्ही तिला काही बोलायचं नाही, माझी शपथ आहे."

एवढीशी पोर, महिनाभर सगळं पोटात ठेवून उभी होती आणि आपण शहाणे तिलाच ठोकत होतो! त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

ती गेल्यावर त्यांनी कानस बाजूला ठेवली. इथं धातू घासून चालणार नव्हतं, जागच्या जागी परत दाबायला हवा होता. गुळगुळीत, निमुळती सळई तेल लावून नळीत सरकवली आणि केसाकेसानं फुगवटा मागं रेटला. पुंगळी आत सोडली, नळी उलटी केली, पुंगळी टपकन तळहातावर पडली. पण दाबलेलं पोलाद एकदा ऐकतं, फार तर दोनदा. छोटीच्या आईनं, वहिनींनी, आठवडाभर पुन्हा वाजवलं तर सगळं मुसळ केरात.

नळी परत बसवताना एक स्क्रू हवा होता म्हणून त्यांनी डबा उघडला, स्क्रूंखालच्या जुन्या पुंगळ्या दिसल्या आणि हात तिथंच थांबला.

डबा मास्तरांचा होता. झाकणाला पोचा, वरचं चित्र पुसून गेलेलं. मास्तर रोज पाच वाजता घरी वीस वेळा चाप दाबायचे, पण आधी ह्याच डब्यातली एकेक रिकामी पुंगळी आत घालून. वहिनी तेव्हा स्वयंपाकघरात. तिकडून त्यांनी जन्मभर आवाज ऐकला होता, पुंगळी कधी पाहिली नव्हती. मास्तर गेल्यावर पंधराव्या दिवशी वहिनींनीच हा डबा काकांच्या हातात ठेवला होता. "हा कचरा घेऊन जा, भाऊजी. पितळ आहे, कामी येईल तुमच्या." काकांना डबा कशाचा ते पक्कं माहीत होतं. पण त्या दिवशी मास्तरांचं नाव काढवेना, म्हणून मुकाट्यानं घेऊन आले होते.

बुधवारी पाचाला दहा कमी असताना ते पिशवी घेऊन मास्तरांच्या दारात उभे होते. वहिनींची नजर आधी पिशवीकडे गेली, मग काकांकडे.

"चार दिवस लागले, भाऊजी."

"लागले." काकांनी पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि शेजारी डबा. छोटी आतून आली, डबा पाहून तिचा चेहरा पडला. ती डोळ्यांनी नको नको म्हणत होती.

"वहिनी, हा कचरा नव्हता," काका म्हणाले. "मास्तर ह्यातली एक आत घालायचे. मगच चाप. नाहीतर नळीला मार बसतो, आणि पुंगळ्या अडकतात."

वहिनी डब्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिची मान खाली होती, आणि त्यांना सगळंच कळलं.

"म्हणजे माझ्यापायी ही..."

"तुमच्यापायी नाही. मला ठाऊक होतं आणि मी डबा उचलून नेला. वर्षभर त्यात स्क्रू ठेवले. चूक माझी. आणि शिव्या दिल्या हिला." काका छोटीकडे वळले. "मनगटाचं बोललो ते परत घेतो, पोरी. हात बापाचाच आहे तुझा."

घड्याळात पाच वाजले. काकांनी एक पुंगळी पिस्तुलात घातली आणि पिस्तूल वहिनींपुढे धरलं. त्या घेईनात. शेवटी छोटीनंच ते आईच्या हातात दिलं.

वहिनींनी भिंतीकडे तोंड केलं, हात लांब केला, चाप दाबला.

आवाज बसका आला, थोडा मऊ.

वहिनींचा हात खाली आला. "हाच," त्या म्हणाल्या. "हाच होता. वर्षभर कानाला लागत होतं, काहीतरी चुकतंय. मला वाटायचं, मी त्यांचा आवाजच विसरले."

त्या रडायला लागल्या तशी छोटी त्यांना बिलगली. रविवारी काठ टिकेल की नाही, हे काका अजूनही छातीठोक सांगू शकत नव्हते. बऱ्याच वेळानं वहिनींनी पदरानं डोळे पुसले आणि डब्यातून दुसरी पुंगळी उचलली.

"दोन," त्या म्हणाल्या.