हिरव्या दिव्यावरचा आवाज

आधीच सांगतो, या सदरातले अनुभव मी आजवर चहासोबत टवाळी करायला वाचत आलोय. पिंपळ, पांढरी साडी, मागे वळून पाहू नकोस... बायको वाचते, मी हसतो. जळगावात माझं अॅम्प्लिफायर आणि मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. स्पीकरमधून विचित्र आवाज येतो म्हणून घाबरून आलेली माणसं मी रोज बघतो आणि दहातल्या नऊ वेळा आत सोल्डरचा एखादा टाका सुटलेला निघतो. दहाव्या वेळी उंदीर. त्यामुळे जे लिहितोय ते लिहिताना मला स्वतःचीच लाज वाटतेय. पण कुणालातरी सांगितल्याशिवाय आता राहवत नाही.

मी गिटार वाजवतो. माझा मोठा भाऊ — घरात सगळे त्याला भाऊच म्हणतात — धुळ्याला आग्रा रोडवर एका मारवाडी शेठच्या कापडदुकानात असतो. आणि तो गायचा. ‘गायचा’ असं लिहिलंय ते चुकून नाही, पुढे कळेल. दिवसभर साड्या उलगडून उलगडून दाखवणारा माणूस, पण माईक हातात आला की पारोळ्यापासून अमळनेरापर्यंतच्या बाया कामं टाकून बाहेर यायच्या. हळद असो, मिरवणूक असो, कानबाईदेवीचा सण असो — भाऊ गाणार, मी गिटार, पितांबर ढोलकीवर. एवढीच आमची पार्टी.

दोन वर्षांपूर्वी मी एक गिटार प्रोसेसर घेतला, सेकंडहँड. मूळ मालक वारलेला वगैरे नाही हां, ठणठणीत आहे, इथेच दातांचा डॉक्टर आहे. पायानं दाबायच्या बटणांची पेटी असते ही. गिटारचा आवाज हवा तसा बदलून देते. हिच्यात एकाच बटणात दोन सेटिंग होती. एकदा दाबलं की हिरवा दिवा — साधा, स्वच्छ आवाज. तेच पुन्हा दाबलं की लाल — भरलेला आवाज, लांब एको. भाऊ गात असला की हिरवा, माझा एकट्याचा तुकडा आला की लाल. सोपं काम.

आता एक जुगाड सांगायला हवा. आपल्याकडे गाणाऱ्याच्या आवाजाला एको नसेल तर लोकांना गाणंच वाटत नाही. मिरवणुकीच्या गाडीवर वेगळं मशीन कोण लावणार? म्हणून मी भाऊचा माईकही याच पेटीच्या दुसऱ्या तोंडात घातला. कंपनीचा माणूस बघेल तर कपाळावर हात मारेल, पण खान्देशात निम्म्या गाड्या अशाच चालतात.

पहिल्यांदा ते झालं दुकानात, भर दुपारी, कानबाईच्या तयारीला. भाऊ गात होता. माझा तुकडा आला, मी बटण दाबलं. लाल दिवा लागला आणि तुकडा संपला तरी भाऊनं ओळ उचलली नाही. मी वर पाहिलं तर तो स्टुलावर बसून बशीतून चहा पीत होता. आरामात. माईक कुठे दिसलाच नाही. मी वैतागून परत बटण दाबलं, हिरवा दिवा, आणि भाऊ माझ्यासमोर उभा... माईक हातात, ओळीच्या मधोमध, मानेच्या शिरा ताणलेल्या.

मी वाजवणं थांबवलं. “भाऊ, मध्येच थांबून चहा काय पीत बसला?”

“मी कोठे थांबनू रे? गानं म्हनीच ऱ्हायनू ना!”

मी पितांबरकडे पाहिलं. तो म्हणाला, “सुनीलभाऊ, ऊन लागनं का तुमले?”

चहा तर त्या दिवशी अजून आलाच नव्हता.

मी पेटी खोलली. टाके तपासले, वायरी बदलल्या, सगळी सेटिंग पुसून कंपनीतून आल्यासारखी केली. पुन्हा लावली. लाल — भाऊ गप्प, खिडकीतून रस्ता बघतोय. हिरवा — भाऊ गातोय. या वेळी मी गिटार काढून खाली ठेवली. आवाज गेला तर मी वायर शोधेन, पण उभा राहून गाणारा माणूस एकदम गप्प बसलेला दिसतो, त्याला कुठली वायर शोधायची?

भाऊला सांगितलं तर तो हसत सुटला. “येडा, तूच मिस्तरी आनि तूच भ्यास!” वहिनी मात्र हसली नाही. तिला मी धुळ्याला फोन करून सांगितलं होतं, कारण माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता — लाल दिव्यावर भाऊचा आवाज नाही, म्हणजे भाऊच्या जिवाला काहीतरी होणार आहे. हा इशारा आहे. मी, जन्मभर लोकांच्या लिंबू-मिरचीला हसलेला माणूस, इशारे शोधायला लागलो होतो. वहिनीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मग भाऊजी, ते बटन दाबूच नका ना.”

पटलं. ठरवलं, कानबाईला अख्खी मिरवणूक हिरव्यावर. माझा तुकडा फिका वाजला तरी चालेल.

आमचं गाव पारोळ्याच्या अलीकडे, बोरी नदीच्या काठाला. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई बसते, भावकीतले बठ्ठे म्हणजे अगदी सगळे जमतात, रोटांचा नैवेद्य होतो, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत तिला नदीवर नेतात. बाया पुढे नाचत होत्या, वहिनी फुगडी घालून घालून घामाघूम झाली होती. भाऊ गाडीवर उभा राहून गात होता. इतका चांगला तो कधीच गायला नव्हता. पहिल्यांदाच मला त्याच्याकडे बघून भीती वाटत होती, आणि डोळ्यात पाणीही येत होतं. पाय मी बटणापासून लांब, मुद्दाम मागे ठेवला होता.

काठावर गाडी थांबली. पूजा झाली. भाऊनं माईक खाली ठेवला आणि निर्माल्य सोडायला पाण्यात उतरला. पाणी गुडघाभर, नेहमीची जागा. आम्ही लहानपणापासून तिथे डुंबलोय. पण वाळूवाल्यांनी यंदा नदीत कुठे कुठे खड्डे करून ठेवलेत ते वरून दिसत नाही. भाऊ आणखी दोन पावलं पुढे गेला आणि दिसेनासा झाला. निर्माल्याची परडी तेवढी पाण्यावर फिरत राहिली.

आधी सगळ्यांना वाटलं, डुबकी मारली. मग वहिनी ओरडली. ती किंकाळी मी आयुष्यात विसरणार नाही. पोरं धडाधड पाण्यात शिरली, कुणी दोर मागत होतं, कुणी बायांना मागे ओढत होतं. डुबक्या मारून मारून पोरं रिकाम्या हातांनी वर येत होती. एक म्हातारा काठावर मटकन बसला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढली. टोपी काढलेली पाहून मला कळलं की बाकीच्यांनी आशा सोडलीय.

मी गाडीवरच होतो. गळ्यात गिटार, पट्टा निघेना. खाली पाहिलं तर हिरवा दिवा. आणि एकदम डोक्यात आलं — लाल दिव्यावर भाऊ गप्प होता. गप्प होता, पण *होता*. चहा पीत होता. रस्ता बघत होता.

मी बटण दाबलं.

किंकाळी मधेच तुटली. स्पीकरमधून माझ्या गिटारचा लांब एको घुमत गेला, आणि खाली बाया फुगड्या घालत होत्या. वहिनी हसत होती. माझ्या शेजारी, गाडीच्या फळीवर पाय सोडून भाऊ बसला होता, कोरड्या कपड्यांत.

“काय रे सुन्या, थांबना का? वाजाड ना!”

मी त्याला घट्ट धरलं आणि लहान पोरासारखा रडलो. तो चारचौघांत लाजला. गाडीवर माईक नव्हता. पेटीचं दुसरं तोंड रिकामं होतं. दिवा लाल असतानाच मी पेटीच्या विजेचा प्लग ओढला.

रात्री जेवताना मी विचारलं, “भाऊ, आज गायला का नाहीस?” तो माझ्याकडे बघतच राहिला. “माले कोठे गानं येस, सुन्या?” वहिनी म्हणाली, “यांना? भाऊजी, यांना आरती तरी धड म्हणता येते का?” पितांबर म्हणतो, आपण पहिल्यापासून नुसतं म्युझिकच वाजवतो. माझ्या मोबाईलमध्ये आमच्या पार्टीची पुष्कळ रेकॉर्डिंग आहेत. सगळी ऐकली. गिटार आहे, ढोलकी आहे, आणि ओळी असायच्या तिथे कुणाचाच आवाज नाही. नुसती ढोलकी वाट बघत बसल्यासारखी वाजत राहते.

वाळूच्या खड्ड्याचं म्हणाल, तर तो आहे. दुसऱ्या दिवशी बांबू घालून पाहिला. बांबू पूर्ण गेला.

उन्हात माझं डोकं फिरलं असेल, असं माझी बायको म्हणते. मान्य, असेलही. इतकी वर्षं मीच लोकांना असं समजावत आलोय. पण ही पेटी बंद करून पुन्हा चालू केली की कायम हिरव्यावरच उठते, तिची रचनाच तशी आहे. म्हणून ती मी चालू केलेली नाही. फोडली तर काय होईल माहीत नाही, विकली तर घेणारा घरी जाऊन आधी प्लगच लावणार. दुकानातल्या कपाटात कुलपात ठेवलीय. परवा भाऊ आला होता, म्हणाला, “हाई मशीन कपाटमा कसाले ठेयेल शे रे? लाव ना एकदाव.” मी त्याला चहा पाजून बसस्टँडवर सोडून आलो. परत येऊन कितीतरी वेळ शटर अर्धं ओढून बसलो होतो.

आणि कधीकधी तिकडची वहिनी आठवते. हिरव्यावरची. ती अजून काठावर उभी असेल का, आणि तिच्याजवळ कोण असेल?

मला याचं स्पष्टीकरण सापडलेलं नाही. कुणाकडे असेल तर जरूर लिहा, चेष्टा केलीत तरी चालेल. मला भीती भुताखेताची वाटत नाही. भाऊचं गाणं ऐकलेला या जगात आता मी एकटाच आहे, आणि ते चालींसकट मला हळूहळू विसरायला होतंय. एखाद्या दुपारी, दुकानात कुणी नसताना, ते फक्त एकदाच ऐकावंसं वाटेल आणि माझाच हात प्लगकडे जाईल... मला भीती त्याची वाटते.