वहिनींनी चढलेला कान्हेरीचा डोंगर

मी आज जो काही आहे तो माझ्या थोरल्या वहिनींमुळे. त्या लग्न होऊन घरात आल्या तेव्हा मी पहिलीत होतो. माझा भांग पाडून त्या मला शाळेत धाडत आणि तेव्हाही ‘भाऊजी, तुम्ही’ असंच म्हणत. मी घरातला पहिला पदवीधर झालो. माझी कॉलेजची पुस्तकं त्यांच्या अंगणवाडीच्या मानधनातून आली.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन मी त्यांना माझ्याकडे बोरिवलीत आणून करून घेतलं. पुढे डॉक्टर म्हणाले, आता खुशाल चाला. पण वहिनींचा धीर सुटला होता. गावी त्या अंगणवाडीत मदतनीस. रोज टेकाड चढून वरच्या वस्तीतली मुलं खाली आणायची. ते आता होणार नाही, गेल्यावर काम सोडते, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

गावी परतण्याआधी त्यांना कान्हेरीची बौद्ध लेणी बघायची होती. लेण्यांपर्यंत बस जाते. पुढे कातळात कोरलेल्या पायऱ्या. चढ सोपा, पोरंटोरं पळत जातात. पहिल्याच पायरीशी वहिनींनी चपला काढल्या.

“अहो वहिनी, चपला चैत्यात शिरताना काढायच्या. हा डोंगर आहे.”

“मग विहार कुठून सुरू होतो? कुणी रेघ मारून ठेवलीय का, भाऊजी?”

मी बूट काढून पिशवीत टाकले.

त्या लेण्यालेण्यापाशी दगडी ओट्यावर टेकत, गुडघा चोळत, पुन्हा उठत. वरून कॉलेजच्या मुली उतरत होत्या.

“मावशी, थोडंच राहिलंय! वर वारा एकदम झकास!”

“तुमच्या आधीचीपण थोडंच म्हणून गेली गं!”

माथ्यावर पोचलो. पायाशी नुसतं रान, मधूनच लालभडक फुललेली सावर. रानाच्या कडेला बोरिवलीचे उंच टॉवर आणि त्यांच्या पलीकडे खाडीची चकाकती पट्टी. एवढ्या शहराने एवढं रान जवळ ठेवलंय, याचं मला दर वेळी नवल वाटतं. त्या दिवशी मात्र माझी नजर वहिनींकडेच जात होती.

“आपल्या टेकाडापेक्षा हे मोठं का हो?”

“दुप्पट तरी असेल.”

त्यांनी गुडघ्यावरून एकदा हात फिरवला.

“मग माझी पोरं दुसऱ्या कुणाच्या हाती कशाला देऊ?”

उतरताना कातळ तापला होता. चपला घालायला त्या तरीही तयार नव्हत्या. सावली शोधत, पाय उचलत, हसत आम्ही खाली आलो.

त्यांना फोनपेक्षा पत्र आवडतं, अंगणवाडीत मोठ्याने वाचून दाखवता येतं म्हणून. त्या कामावर रुजू झाल्याचं कळलं तेव्हा मी लिहिलं:

“वहिनी, जय भीम. तुम्ही परवा वस्तीवर जाऊन आलात, हे दादाने सांगितलं. माझ्या निकालाच्या दिवशीसुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता. एकच ऐका. टेकाड उतरताना धाकट्यांना कडेवर घेऊ नका. रडू देत, चालतील. तुमचा, भाऊजी.”