मान वळवलेली बाई

संग्रहालयातल्या त्या तैलचित्राखाली पाटी आहे: 'एक स्त्री, अठरावे शतक. चित्रकार अज्ञात.' चित्रकार कोण, यावर विद्वानांचं अजून एकमत नाही, असं मार्गदर्शकांनी अभिमानाने सांगितलं.

"आणि बाईचं नाव?" काकूने विचारलं.

"त्यावर वाद नाही. ते कुणी शोधलेलंच नाही."

चित्रातली बाई कुणीतरी हाक मारल्यासारखी मान वळवून बघत होती. मला तिथे थांबवेना.

काकूचं नाव लग्नात बदललं होतं, ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहून. परतताना रिक्षात मी तिचं माहेरचं नाव विचारलं. तिने सांगितलं.

"कितीतरी वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. मार बघू हाक."

काकूला नावाने हाक कशी मारायची? ती मान वळवून माझ्याकडे बघत राहिली.