आयसीयूतली चतुर्थी

माझ्या सासूबाईंच्या, आक्काबाईंच्या उपवासांनी मला नुसता वैताग आणला होता. सोमवार, गुरुवार, एकादशी, चतुर्थी, एक वार रिकामा नाही. शुगर निघाली तरी भगर आणि बटाटा चालूच. बोलायला जावं तर, "तुला काय कळतंय गं?"

मग त्यांना न्यूमोनिया झाला. कर्जतहून नगरला आणून आयसीयूत ठेवलं. व्हेंटिलेटर निघाला, पण शुगर काही उतरेना. हाताला पंपातून सारखं इन्सुलिन आणि नाकातल्या नळीतून पोटात पातळ अन्न. दया सिस्टरांनी बजावलं होतं, "इन्सुलिन चालू असताना अन्न थांबता कामा नये. शुगर एकदम पडते, जिवावर बेततं."

आणि आमच्या आत्यांनी, सासूबाईंना मी आत्याच म्हणते, काय करावं? चतुर्थीला कुणाचं लक्ष नाही बघून अन्नाच्या नळीचं चाक फिरवलं आणि नळी बंद! मी भेटायला गेले तर अंग घामानं थबथबलेलं, हाकेला ओ नाही. सिस्टरांनी बोट टोचलं. शुगर बेचाळीस! पंप बंद करून त्यांनी शिरेतून ग्लुकोज दिलं.

डोळे उघडल्यावर पहिलं वाक्य काय? "चंद्र उगवल्याबिगर मी काय बी घेनार न्हाई."

डॉक्टर समजावून दमले. "आजी, अन्न नाही तर इन्सुलिन नाही. शुगर चढली की छातीतलं इन्फेक्शन हटत नाही. मग वाचायचं कसं?" माझा नवरा अंगद रडकुंडीला आला, तर त्याला म्हणतात, "उपास तुझ्यासाठीच धरलाय. मोडला तर तुला बाधंल."

डोकंच फिरलं माझं. ओरडलेच, "द्या तो उपवास इकडं! यापुढं मी धरते! तुम्ही जगा म्हणजे झालं!"

मी, जिला सकाळच्या भाकरीशिवाय काम सुचत नाही.

आत्या म्हणाल्या, "हात कर म्होरं." दया सिस्टर दर रविवारी चर्चला जाणाऱ्या, पण पाण्याची बाटली त्यांनीच पटकन पुढं केली. आत्यांनी माझ्या तळहातावर पाणी सोडलं आणि सिस्टरांना म्हणाल्या, "कर नळी चालू."

आज पुन्हा चतुर्थी. आत्या घरच्या ओट्यावर बसून पिठलं-भाकरी खातायत. माझं डोकं ठणकतंय, पोटात आग पडलीय. वर मलाच विचारतात, "चोरून खाल्लं तर न्हाई ना?"

"नाही हो, नाही! जेवा तुम्ही गुमान!"

आणि खरंच खाल्लेलं नाही. माझाच मला संताप येतो.